भंडारदऱ्याला काजवे बघायला जातोय. कुणाला त्रास न होता कसं बघावं?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं ठरतंय. दोन गाड्या, नऊ माणसं. त्यात माझ्या सासूबाई आहेत (वय ७४, गुडघे दुखतात) आणि नणंदेची दोन मुलं, एक सहा वर्षांची, एक नऊ वर्षांचा.

मागच्या वर्षीही गेलो होतो, शनिवारी. घाटघरच्या रस्त्यावर रात्री आठला गाड्यांची ही रांग. सगळे उतरत होते म्हणून आम्हीही उतरलो, मोबाइलचे टॉर्च लावले आणि रस्ता सोडून थेट झाडाखाली गेलो. पोरांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पाच-सात काजवे धरले. तेवढ्यात अंधारातून एक बाई आल्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "ताई, हे आमचं भाताचं खाचर आहे, गाडी बांधावर चढलीय. आणि त्या बाटलीचं झाकण उघडा." झाकण उघडलं तेव्हा दोनच काजवे उडाले. बाकीचे तळाशी तसेच पडून राहिले. भाचा घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही.

वर्षभर ते डोक्यातून गेलेलं नाही. यंदा जाऊच नये असंही वाटलं. पण सासूबाईंचं माहेर पेठ तालुक्यातलं, लहानपणी त्यांच्या अंगणात काजवे यायचे. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी एकही पाहिला नाही असं परवा बोलता बोलता म्हणाल्या, तेव्हापासून त्यांना एकदा नेऊन आणायचंच असं मनात आहे.

तर विचारायचं आहे ते हे. त्यांना चालताना उजेड लागणार, त्याचं काय करू? गाड्या कुठे लावाव्यात? मुलांना डासांचं मलम लावलेलं चालतं का? आणि मला जे सुचलंच नाही तेही सांगा. रागवलात तरी चालेल.

---

सह्यवेडा:

ताई, तुमची तळमळ खरी आहे म्हणून स्पष्ट लिहितो. जाऊ नका.

पंधरा वर्षांपूर्वी मी त्या रस्त्याला जायचो तेव्हा रात्री दोन-तीन गाड्या दिसायच्या. आता जूनच्या शनिवारी धरणाच्या भिंतीपासून मागच्या गावांपर्यंत दिव्यांची माळ असते. प्रत्येकाला वाटतं, आपल्या दोनच तर गाड्या आहेत. मी चार वर्षांपूर्वी जाणं थांबवलं. काजव्यांना लागतो तो अंधार, आणि आपण जिथे जातो तिथे तोच आधी संपवतो. सासूबाईंना त्यांच्या माहेरीच न्या की. एखादी शांत वाडी अजून असेल तिकडे.

---

डांगाणी मास्तर:

गोदाकाठच्या ताई, तुम्ही बाटलीची गोष्ट लपवली नाहीत म्हणून सविस्तर लिहायला बसलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. जन्म इथलाच, धरणाच्या मागच्या अंगाच्या एका वाडीतला.

सह्यवेडा दादांचं दुःख मला कळतं. तरी 'येऊच नका' असं मी म्हणणार नाही. पावसाच्या तोंडाचे हे दिवस आमच्याकडे सगळ्यात कडकीचे. घरातलं भात सरत आलेलं असतं आणि बियाणं, खत घ्यायचं असतं. त्याच पंधरा-वीस दिवसांत काजव्यांमुळे कित्येक घरांत जेवणाचे, मुक्कामाचे, वाट दाखवण्याचे चार पैसे येतात. त्या पैशांवर आवणीची, म्हणजे भाताच्या लावणीची, मजुरी निघते. पाहुणा नको आहे असं नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं यावं एवढंच.

आधी काजवा कसा जगतो ते मुलांना सांगा. ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळी असतो, जमिनीत आणि पाचोळ्यात. गोगलगायी खातो. वळवाच्या सरी पडल्या, हवा दमट झाली की पंख फुटून बाहेर येतो, आणि मग त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. त्यात एकच काम, जोडीदार शोधणं. नर लुकलुकत हिंडतो. मादी पुष्कळदा खाली गवतात नाहीतर झुडपावर बसून त्याला उत्तर देते. हे सगळं बोलणं उजेडाचं. गाडीचा हेडलाइट पडला की ते बोलणं बुडतं. एक रात्र बुडाली तर आपल्याला काय त्याचं असं वाटेल, पण ज्याच्याकडे पंधराच रात्री आहेत त्याची एक रात्र गेली. आणि झाडाखालच्या गवतात तुमच्या बुटाखाली येते ती बहुतेक वेळा मादी, तिच्या पोटातल्या अंड्यांसकट.

म्हणून रस्ता सोडायचा नाही. ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. यात तुमच्याही जिवाचा प्रश्न आहे. पहिल्या सरीनंतर घोणस, मण्यार बाहेर पडतात आणि इथून मोठा दवाखाना लांब आहे.

आता खाचराचं. तुम्हाला ज्या भेटल्या त्या बाईंना मी ओळखत नाही, पण त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. उन्हाळ्यात शेतं मोकळी दिसतात, शहरातल्या माणसाला ते पडीक मैदान वाटतं. ते पडीक नसतं. एका कोपऱ्यात राब भाजून ठेवलेला असतो. पालापाचोळा, शेण, गवत जमिनीवर पसरून जाळतात, तण मरतं, राख मिसळते, आणि पहिला पाऊस झाला की त्याच तुकड्यात भाताचं रोप टाकतात. त्यावरून गाडी गेली की भाजलेली भुसभुशीत माती दबून बसते. बांध फुटला तर पाणी थांबत नाही, आणि भाताला तर उभं पाणी लागतं. बांध बांधायला दोन माणसांचा दिवस जातो. गाडीचं चाक तो दोन मिनिटांत मोडतं आणि आत बसलेल्याला कळतही नाही.

गाड्या कुठे लावायच्या याचं माझं उत्तर सरळ आहे: रस्त्याकडेला नाहीच. दिवसाउजेडी, चार-पाच वाजेपर्यंत या, एखाद्या घरी जेवणाचं किंवा मुक्कामाचं आधी ठरवून ठेवा आणि गाडी त्यांच्या अंगणात लावा. तिथून ते पायी नेतील. सगळा मुलूख १९८६ पासून अभयारण्यात आहे, नाक्यावर पावती घ्यावी लागते. त्या वर्षीच्या वेळा आणि सूचना तिथेच विचारून घ्या आणि वनरक्षक सांगतील ते हुज्जत न घालता ऐका.

गाड्यांवरून एक प्रसंग सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी शेजारच्या घरातल्या सुनेला रात्री नऊला कळा सुरू झाल्या. जीपमध्ये घातलं आणि निघालो. वळणावर दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या, मधून एक जाईल एवढीच वाट, आणि समोरून आलेला एकजण मागे घ्यायला तयार नाही. गाडीतली माणसं काजवे बघायला उतरून गेलेली, ड्रायव्हरच जागेवर नाहीत. मी हाका मारत पुढे पळत होतो. सव्वा तास गेला त्यात. पोरगी नि बाळ सुखरूप आहेत, बाळ आता अंगणवाडीत जातं. पण त्या सव्वा तासात तिच्या सासूचा जो चेहरा होता तो मला अजून दिसतो. त्या गाडीवाल्यांपैकी कुणीही वाईट माणूस नव्हता. खरी गोष्ट कळल्यावर चार पोरांनी मिळून एक गाडी उचलून बाजूला केली. आधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं की या रस्त्याने कुणाला दवाखान्यातही जायचं असेल.

उजेडाचं सोपं आहे. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद घरात असेल तर टॉर्चच्या काचेवर दोन पदर करून रबर लावा. टॉर्च फक्त पायापुढे, जमिनीकडे. काजव्यांवर किंवा झाडावर मारायचा नाही. लाल उजेडाने तुमच्या डोळ्यांनाही फायदा होतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की सगळं पहिल्यापासून.

डासांसाठी मलम लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे घाला. लावायचंच तर घरून निघताना, थोडं. पण मग त्या हातांनी काजव्याला शिवू देऊ नका. फवारा तर तिथे मारूच नका. डास मारणारं औषध काजव्यालाही मारतं.

पाणी घरून आणा. धरण १९२६ सालचं, समोर पाणी दिसतं, पण मे-जूनमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि बायाबापड्या डोक्यावर हंडे आणतात. कुणी मागितलं तर तांब्याभर पाणी नाही म्हणणार नाही कुणी. म्हणूनच मागू नये. हात-तोंड धुवायला तर नकोच. आणि हंडे घेऊन चाललेल्या बायांचे न विचारता फोटो काढू नका, हे हात जोडून सांगतो.

कोणत्या झाडावर सगळ्यात जास्त असतात ते मात्र इथे लिहिणार नाही. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर दिसतात एवढं सगळ्यांना माहीत आहे. नेमकी जागा लिहिली की पुढच्या शनिवारी तिथे दोनशे गाड्या येतात.

आठवड्याच्या मधल्या दिवशी या. अमावास्येच्या आसपास.

---

उघडझाप:

मास्तरांना मनापासून नमस्कार. मी फोटो काढतो, त्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या गर्दीत आम्हा फोटोवाल्यांचा मोठा वाटा आहे.

नेटवर जो फोटो फिरतो, एका झाडावर हजारो सोनेरी ठिपके, तसं डोळ्यांना कधीच दिसत नाही. कॅमेरा तिपाईवर लावून वीस-तीस सेकंदांचे पन्नास, कधी शंभर फोटो काढतात आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासातलं सगळं लुकलुकणं एका चित्रात. हे माहीत नसलेला माणूस तिथे पोचतो आणि 'एवढेच?' म्हणत पुढच्या झाडाकडे गाडी दामटतो, पुन्हा हेडलाइट, पुन्हा पुढचं झाड. सासूबाईंना आणि मुलांना आधीच सांगून ठेवा. डोळ्यांना दिसतं ते वेगळं असतं. एक फांदी उजळते, विझते, मग शेजारची. कधी सगळं झाड एका लयीत उघडमीट करतं. ते फोटोत येत नाही.

मोबाइलवर फोटो येणार नाहीत, तो खिशातच राहू द्या. मोठा कॅमेरा कुणी आणत असेल तर फोकस उजेड असतानाच लावून ठेवायचा, मागच्या पडद्यावर रुमाल टाकायचा, आणि फोकससाठी पुढे लागणारा छोटा दिवा सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचा. फ्लॅशबद्दल तर बोलायलाच नको. मी स्वतः पहिल्या वर्षी फ्लॅश मारला होता. समोरचं झाड काही वेळ काळंठिक्कर झालं. त्यानंतर कधीच नाही.

---

दोन पोरांची आई:

मुलांसाठी माझा अनुभव. 'धरू नका, ओरडू नका, पळू नका' असं सांगत बसलं की ती कंटाळतात आणि नेमकं तेच करतात. आम्ही त्यांना काम दिलं. एक काजवा नजरेने पकडायचा आणि दोन लुकलुकींच्या मध्ये मनातल्या मनात किती आकडे होतात ते मोजायचं. माझी सात वर्षांची मुलगी वीस मिनिटं मोजत बसली होती. अंगावर येऊन बसला तर हात न हलवता बघायचं, आपणहून उडेपर्यंत. तो उजेड थंड असतो, चटका बसत नाही, हे कळल्यावर तिला कोण आनंद झाला.

खाऊचे कागद मुलांच्याच खिशात. गावातल्या मुलांना चॉकलेटं वाटायला मात्र लावू नका. आम्ही एकदा वाटली, आणि परतताना ती गाडीमागे धावत होती. ते दृश्य मला आवडलं नाही.

---

गोदाकाठची:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मास्तर, राबाचं मला काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही गाडी लावली तिथे जमीन काळी दिसत होती. मला वाटलं होतं कुणीतरी कचरा जाळलाय. आता समजलं ते काय होतं.

दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंना रात्री एक-दोनदा तरी शौचालय लागतं. आणि येताना रतनवाडीच्या अमृतेश्वराचं दर्शन घ्यायची त्यांची इच्छा आहे. तिथे काही पाळायचं असतं का?

---

डांगाणी मास्तर:

ताई, मुक्कामाचं घर ठरवताना फोनवर सरळ विचारा की शौचालय घराजवळ आहे का, आत जायला पायऱ्या किती. यात संकोच करू नका, आमच्याही घरात म्हातारी माणसं आहेत. पाण्याची अडचण असते तेव्हा बादली जपून वापरा. पुसायचे ओले कागद (वेट वाइप्स), डायपर असलं काही असेल तर पिशवीत घालून नाशिकला परत न्या. इथे कचरागाडी येत नाही. आम्ही जाळतो नाहीतर पुरतो, आणि ते दोन्ही चांगलं नाही.

अमृतेश्वरला सकाळी लवकर जा. चप्पल बाहेर. दगडावर नक्षी फार सुंदर आहे, मुलांना दाखवा, पण त्यावर चढू देऊ नका, टेकून फोटोही नकोत. शेजारी पुष्करणी आहे, पाय बुडवून बसायचा मोह सगळ्यांना होतो. बसू नका. चारही बाजूंच्या कोनाड्यांत देव आहेत. उरलेला वेळ आजींना देवळापाशीच बसू द्या. समोर रतनगड दिसतो, प्रवरा तिथून उगम पावते.

आणखी एक. त्यांना काजव्यांसाठी चालवू नका. घरमालकांना म्हणा, अंगणातला दिवा घटकाभर मालवा आणि आजींना बाज टाकून द्या. पुष्कळ घरांच्या परसातच दिसतात.

---

गोदाकाठची:

जाऊन आलो. मंगळवारी गेलो. तीन दिवस झाले, आज लिहायला वेळ मिळाला.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी नागलीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा वाढला. साडेसातला अंगणातला दिवा मालवला. मास्तरांनी सांगितलं तसं सासूबाई बाजेवर बसल्या, आम्ही खाली चटईवर. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. नणंदेचे यजमान दोनदा म्हणाले, "पुढे जाऊन बघायचं का?" कुणी उठलं नाही. मग परसातल्या जांभळीवर एक, दोन, आणि बघता बघता सगळी खालची फांदी. उघडझाप यांनी लिहिलं होतं तसंच. फांदी विझायची, आणि आपण श्वास धरून बसायचो.

सासूबाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझी आई म्हणायची, काजवे आले की दोन दिवसांत पाऊस, पेरणीचं बघा. मुलं त्यांच्या पायाशी सरकली. धाकटीने चौदापर्यंत मोजलं आणि तिथेच झोपली.

थोरल्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने येताना गाडीत पाण्याच्या बाटल्या सीटखाली सरकवून ठेवल्या होत्या, कुणाला दिसू नयेत अशा. एक काजवा त्याच्या गुडघ्यावर येऊन बसला. पोरगं दगडासारखं निश्चल. तो उडाल्यावरच हलला.

एक चूक झाली, पुढे जाणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्या दुसऱ्या गाडीत शाल राहिली म्हणून माझे यजमान आणायला गेले. दार उघडलं तसा आतला दिवा लागला, आणि किल्लीचं बटण दाबल्यावर चारही पिवळे दिवे चमकले. जांभळीची फांदी विझली ती बराच वेळ उजळलीच नाही. घरमालक काही बोलले नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा शाल, औषधं, जे काही लागणार असेल ते अंधार पडण्याआधीच काढून घ्या. गाडीच्या आतल्या दिव्याचं बटण बंद करून ठेवा आणि दार किल्ली फिरवून लावा.

मागच्या वर्षीचं ते खाचर दिवसा शोधलं. बांध नीट केलेला होता. त्या ताई भेटल्या नाहीत.

---

डांगाणी मास्तर:

वाचून बरं वाटलं. गाडीच्या दिव्याचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला घरमालकांना सांगतो.

तुम्ही वेळेत आलात. काल रात्री धुवाधार पाऊस झाला, आज झाडं अंधारी आहेत, चार-दोन चुकार काजवे तेवढे. आजींच्या आईचं खरं ठरलं. आम्ही सकाळी रोप टाकलं.